‘वर्षभराचाच तर प्रश्न आहे!’

पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. रानडे इन्स्टिट्यूट असो की मॅक्स म्युलर भवन, तिथून बाहेर पडलेली माणसं पूर्वी दुभाषी होत, शिक्षक होत, पिंपरी-चाकणच्या जर्मन कंपन्यांत लागत. आता त्याच वर्गांतून एक नवी वाट फुटली आहे. बारावी झाली किंवा पदवी हातात पडली, की पुढच्या शिक्षणाआधी एक वर्ष मोकळं काढायचं आणि जर्मनीत जाऊन राहायचं. कुणी ‘ओ-पेअर’ म्हणून एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळतं. कुणी ‘फ्रायविलिगेस झोत्सियालेस यार’, म्हणजे स्वेच्छेनं समाजसेवेचं वर्ष पत्करतं आणि वृद्धाश्रमात, दिव्यांगांच्या शाळेत नाहीतर रुग्णालयात काम करतं. निघताना पेढे, औक्षण, विमानतळावर फोटो. इथवर सगळा आनंदीआनंद.

मग नोव्हेंबर येतो आणि फोनवरून एक वाक्य येतं, “मला इथं जमत नाहीये.”

त्या वाक्यावर इकडून जे सुरू होतं त्याचा मला मनस्वी वैताग आहे. आईबाबा, काका, अमेरिकेतले मामा, सोसायटीतले निवृत्त साहेब, सगळ्यांचं प्रवचन एकच. ऐकून ऐकून पाठ झालं आहे, म्हणून जसंच्या तसं देते. “अगं, वर्षभराचाच तर प्रश्न आहे! दात-ओठ खाऊन काढ. आमच्या वेळी लोक खिशात आठ डॉलर घेऊन गेले, कुणी रडलं नाही. तुम्हाला तर रोज व्हिडिओ कॉल आहे, इंडियन स्टोअर आहे, कढीपत्तासुद्धा मिळतो. आणि हो, आपल्याच लोकांत घुटमळत बसू नकोस. देश तसा वेश. काही झालं तरी मध्येच परत येऊ नकोस, लोक काय म्हणतील? थोडं ॲडजस्ट कर.”

पाच समज, आणि सगळ्यांवर झाकण म्हणून ‘ॲडजस्ट कर’. या समजांत तथ्य थोडं आहे आणि बोलणाऱ्याची सोय भरपूर आहे. एकेक घेऊ.

पहिला, ‘वर्षभराचाच प्रश्न’. जणू मुदत लहान असली की काम हलकं होतं! जर्मनीत राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याची लेखी ग्वाही लागते. मग राहण्याचा परवाना, आरोग्यविमा, बँकेतलं खातं. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा, आणि कुठला कुठं हे चुकलं तर शेजारी येऊन सांगणार. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, त्या फेकायच्या नसतात. रविवारी दुकानं बंद, रात्री दहानंतर आवाज बंद. यातलं काहीही भयंकर नाही. पण दहा वर्षं राहणाऱ्यालाही हे एकदाच शिकावं लागतं आणि एक वर्ष राहणाऱ्यालाही एकदाच. पहिल्याला त्या शिकण्याचं फळ खायला नऊ-साडेनऊ वर्षं मिळतात. दुसऱ्याच्या वाट्याला किती महिने येतात?

भाषेचंही तेच. इथं परीक्षा देऊन मिळवलेली जर्मन आणि श्टुटगार्टच्या आसपास एखाद्या वृद्धाश्रमातल्या आजी बोलतात ती श्वाबियन वळणाची जर्मन, यांत केवढं अंतर आहे! प्रमाण मराठीचं प्रमाणपत्र घेऊन आलेल्या परक्या माणसाला थेट मालवणच्या आजीसमोर बसवावं आणि वर “तुला तर मराठी येतं ना?” असं विचारावं, त्यातली गत. त्या आजींना स्मृतिभ्रंश असेल तर त्या वाक्य पुन्हा सावकाश म्हणून दाखवत नाहीत. अंगावर ओरडतात. पहिल्या दोन महिन्यांत त्या ओरडण्यातला राग कोणता, भीती कोणती आणि नुसती तहान कोणती, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं ओळखायचं असतं.

आणि हे चालू असतानाच अंधार होतो. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळं तासभर मागे जातात. डिसेंबरच्या ऐन मध्यावर बर्लिनचा दिवस पावणेआठ तासांचाही नसतो. दुपारी चारच्या आत सूर्य मावळलेला असतो. त्याच दिवशी पुण्यात जवळपास अकरा तासांचा दिवस असतो. ज्या लोकांचा तिथं जन्म गेला त्यांनाही हा काळ जड जातो. आपली मुलगी मात्र त्याच काळात भाषा, काम, कागदपत्रं आणि एकटेपण असे चार विषय एकदम शिकत असते. मार्चमध्ये कुठं सूर सापडतो, तर मे-जूनपासून परतीची लगबग: पुढच्या प्रवेशाचे अर्ज, खातं बंद करणं, खोली रिकामी करणं. ‘वर्षभर’ म्हणतात त्यातलं धड राहण्याचं वर्ष हे एवढंच.

“होतं गं हळूहळू, आपोआप,” असंही याच दमात सांगितलं जातं. या ‘आपोआप’चा अभ्यास झालेला आहे. १९५५ मध्ये स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवरून लिहिलं की सहा महिन्यांच्या आत परतलेले त्यातल्या त्यात सुखात होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही सुखात होते. सगळ्यांत बेजार होते ते सहा ते अठरा महिने राहिलेले. परदेशवासाची ती प्रसिद्ध ‘यू’ आकाराची रेषा तिथून आली. पुढं १९९८ मध्ये कोलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेतला आणि सांगितलं की सुरुवातीचा तो गोड काळ वगैरे काही दिसत नाही. सर्वांत जास्त त्रास आल्या आल्याच होतो. यांतलं कोण बरोबर, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. लिसगार्डचं खरं मानलं तर एका वर्षाचा प्रवासी नेमका खड्ड्याच्या तळातून घरी परततो. वॉर्ड यांचं खरं मानलं तर जेव्हा ओळखीचं एक माणूस नसतं तेव्हाच तो सर्वांत जास्त खचलेला असतो. काकांच्या बाजूनं या दोघांपैकी कोण उभं आहे?

दुसरा समज आठ डॉलरचा. साठच्या दशकात परकीय चलनावर कडक निर्बंध होते आणि लोक खरोखरच तेवढ्या पैशांत विमानात बसले. त्यांची हिंमत मी नाकारत नाही. पण ते गेले कशाला होते? त्यांतल्या बहुतेकांच्या मागं एक विद्यापीठ होतं, पुढं एक पदवी होती, अनेकांच्या हातात सहायकाचं काम आणि त्याचं मानधन होतं. १९६५ च्या अमेरिकी कायद्यानं तर तिथंच स्थायिक होण्याची वाट मोकळी करून दिली. सोसलं त्याला अर्थ होता, कारण सोसण्याच्या पलीकडे काय आहे ते दिसत होतं. गावी विचारलं तर घरचे छाती फुगवून सांगत, “आमचा अमेरिकेत इंजिनियरिंग शिकतो.”

वर्षभरासाठी गेलेल्या मुलीबद्दल काय सांगायचं? ती धड विद्यार्थिनी नाही, धड नोकरदार नाही. तिला मिळतो तो पगार नव्हे, हातखर्च. ज्या घरात राहते तिथं ती पाहुणी नाही आणि लेकही नाही. ज्या संस्थेत काम करते तिथल्या उतरंडीत ती सगळ्यांत खाली, आणि वर्षानं जाणारच आहे म्हणून तिचं नाव लक्षात ठेवायची कुणाला घाई नाही. आठ डॉलरवाल्यांकडे पैसे नव्हते, पण आपण कोण आहोत याचं उत्तर होतं. पैशाची चणचण आणि या उत्तराची चणचण यांत जड कुठली, हे ज्यानं दुसरी सोसलेली नाही त्यानं ठरवू नये.

शिवाय कुणी रडलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं? पत्र पोचायला आठवडे लागत आणि पत्राची सुरुवातच ‘इकडील सर्व क्षेम’ अशी करायची रीत होती. फोन परवडत नव्हता. त्या पिढीचं रडणं झालं नाही असं नाही. ते आपल्यापर्यंत पोचलं नाही. जे टिकले, मोठे झाले, त्यांचे सत्कार झाले, त्यांची आत्मचरित्रं निघाली. जे मोडून परतले त्यांची पुस्तकं कुठल्या प्रकाशकानं काढली? टिकलेल्यांच्याच साक्षी घेऊन निकाल देणाऱ्या न्यायालयाला आपण एरवी काय म्हणतो?

याच ठिकाणी हमखास आनंदीबाई जोशी यांचं नाव पुढं केलं जातं. “अठराव्या वर्षी, १८८३ साली, एकटी गेली! जिद्द लागते जिद्द!” जरूर लागते. पण आनंदीबाईंची गोष्ट सांगायची तर अर्धी सांगू नका. अमेरिकेत उतरल्यावर त्या गेल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी. कार्पेंटरबाईंनी आधी पत्रं लिहून ओळख वाढवली होती आणि आलेल्या मुलीला पोटच्या पोरीसारखं जवळ केलं होतं. म्हणजे जिद्दीच्या आधी तिथं एक घर होतं, आणि त्या घरात वाट बघणारं माणूस होतं. पुढं फिलाडेल्फियाची थंडी, परकं अन्न, अभ्यासाचा ताण आणि आजारपण यांत तब्येत ढासळत गेली. १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं त्या गेल्या, तेव्हा त्यांना बावीसही पूर्ण नव्हती. नुसत्या जिद्दीवर भागतं, याचा हा पुरावा आहे? मला तर तो नेमका उलटा दिसतो.

तिसरा समज व्हिडिओ कॉलचा. आता जग जवळ आलं म्हणे. आलं असेल, पण घड्याळ जवळ आलेलं नाही. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. मुलगी संध्याकाळी सहाला कामावरून खोलीवर येते तेव्हा इकडे साडेदहा वाजलेले असतात, आई पेंगुळलेली असते. त्या दहा मिनिटांत काय बोलणं होतं? “जेवलीस का?” “हो.” “काय खाल्लंस?” “थंडी आहे का?” “स्वेटर घाल.” मागं आजी हात हलवते. आजीसमोर कोण रडेल? हा फोन आधार देतोच. पण रोज दिवसातून एकदा ‘मी मजेत आहे’ असा प्रयोगही करून घेतो. पत्राच्या काळात निदान चेहरा लपत होता.

आणि इंडियन स्टोअर! बर्लिन, फ्रँकफुर्ट, म्युनिकला आहेत, मान्य. पण वृद्धाश्रम आणि दिव्यांगांच्या शाळा काही फक्त मोठ्या शहरांत नसतात. छोट्या गावात, जिथं संध्याकाळनंतर बस तासातासानं येते आणि रविवारी पावही आदल्या दिवशी आणून ठेवावा लागतो, तिथं कढीपत्ता कुठला? बरं, मिळाला. मग? घर आठवतं ते कढीपत्त्यापायी, असं ज्यांना वाटतं त्यांनी घर कधी सोडलं होतं का, असं विचारावंसं वाटतं. माणसाला आठवतं ते न सांगता कळणं: दारावरची बेल कुणाची ते आवाजावरून ओळखणं, विनोदाला वेळेवर हसता येणं, रागावता येणं. ज्या भाषेत भांडता येत नाही त्या भाषेत वर्ष काढून बघा, आणि मग मसाल्यांच्या पुड्या मोजा.

चौथा समज जरा विद्वान आहे. देश तसा वेश. मराठी माणसांत मिसळू नकोस, पूर्ण तिथला हो, म्हणजे लवकर रुळशील. हे सांगणारे अनेकदा परदेशस्थच असतात, म्हणून त्यांना त्यांचाच इतिहास दाखवते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. शिकागोचं १९६९ चं, म्हणजे आठ डॉलरवाल्यांच्या ऐन उमेदीतलं. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. गणपती बसवायचे, दिवाळी अंक मागवायचे, नाटकाचे दौरे ठरवायचे, अधिवेशनं भरवायची, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीनं रविवारी दोन मराठी मैत्रिणींना भेटून पोहे केले की तिला ऐकवायचं, “अशानं तू कधी इंटिग्रेट होणार?” तुमचं ते संस्कृतिसंवर्धन आणि तिचं ते घुटमळणं?

या समजाला संशोधनाचाही टेकू नाही. जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत बरी स्थिती दिसली ती आपलंही धरून ठेवणाऱ्या आणि नव्या समाजातही मिसळणाऱ्या मुलांची. आपलं टाकून संपूर्ण तिथलं होऊ पाहणाऱ्यांची नव्हे. पण अभ्यास राहू द्या, आपल्याला माहीत असलेलं उदाहरण घ्या. १८८८ साली एक अठरा वर्षांचा मुलगा राजकोटहून लंडनला गेला. त्यानं देश तसा वेश मनावर घेतलं: उंच टोपी, उंची सूट, नाचाची शिकवणी, व्हायोलिन, वक्तृत्वाचे धडे. हे खूळ तीनेक महिने टिकलं, असं मोहनदास गांधींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांना लंडनमध्ये पाय टेकायला जागा मिळाली ती नाचाच्या वर्गात नव्हे. ज्या शाकाहारापायी ते उपाशी राहत होते, हट्टी ठरत होते, त्याच शाकाहारानं त्यांना इंग्रज शाकाहारी मंडळींत नेलं, आणि ते त्यांच्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही गेले. परक्या देशाशी त्यांची ओळख झाली ती आपली एक गोष्ट न सोडल्यामुळे. मग ती गोष्ट सोड, असा उपदेश आपण कोणत्या आधारावर करतो?

आता पाचवा समज. माझा खरा राग याच्यावरच आहे: परत येऊ नकोस, लोक काय म्हणतील. बाकीचे चार समज चुकीचे आहेत. हा धोक्याचा आहे.

ओ-पेअरचे नियम काय सांगतात ते बघा. जास्तीत जास्त ३० तासांचं काम आठवड्याला, साधारण सहा तास दिवसाला. दरमहा २८० युरो हातखर्च. भाषेच्या वर्गासाठी कुटुंबानं द्यायचे दरमहा ७० युरो. राहायला स्वतंत्र खोली. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी आणि महिन्यातून किमान एक रविवार पूर्ण मोकळा. मुलं सांभाळणं आणि हलकं घरकाम, एवढीच अपेक्षा. आता समजा, एखाद्या घरात हेच काम ४५ तासांवर गेलं. भाषेच्या वर्गाच्या वेळी नेमकं धाकट्याला फिरायला न्यायचं निघालं. सगळ्या घराच्या खिडक्या पुसणं ‘हलकं काम’ ठरलं. आणि वर, “तू तर आमच्या घरातलीच आहेस” असा गोडवा. मुलगी घरी फोन करते आणि म्हणते, “मला इथं जमत नाहीये.” इकडून उत्तर जातं, “ॲडजस्ट कर.”

काय केलंत तुम्ही? तिच्या वाक्यामागं काय आहे हे न विचारता तुम्ही तिच्या विरुद्ध निकाल दिलात. एका वाक्यामागं तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. काही काळानं बोथट होतात: थंडी, अंधार, गार जेवण, रस्त्यावरची शांतता. त्या सोसायच्याच असतात. काही शिकल्यावाचून सुटत नाहीत: भाषा, कचेऱ्या, कामातले बारकावे. त्यासाठी शिकवणारं माणूस आणि वेळ लागतो. आणि काही अजिबात सोसायच्या नसतात: नियमाबाहेरचे तास, अपमान, कुलूप नसलेली खोली, अंगाला होणारा नकोसा स्पर्श. ‘ॲडजस्ट कर’ या तिन्ही गोष्टींना एकच औषध देतं. थंडीला जे उत्तर, तेच पिळवणुकीलाही. आणि वर्षानुवर्षं घरात, सासरी, कचेरीत हेच ऐकत वाढलेल्या आपल्या मुलींना तर तिसऱ्या प्रकाराला पहिला समजायची सवयच असते. ती सवय मोडायची सोडून आपण फोनवरून तिला खतपाणी घालतो.

जर्मनीत याचा विचार कसा होतो तेही बघण्यासारखं आहे. समाजसेवेच्या वर्षासाठीचा त्यांचा कायदा मुळात १९६४ चा. बारा महिन्यांच्या सेवेत किमान २५ दिवस शिबिरांचे असावेत, आणि मुलांच्या सोबतीला प्रशिक्षित मार्गदर्शक असावा, अशी तरतूद त्या व्यवस्थेत आहे. सक्तीची लष्करभरती थांबल्यावर २०११ मध्ये सुरू झालेल्या संघीय स्वयंसेवेतही तरुणांसाठी हेच धोरण ठेवलं गेलं. हे कुणासाठी? मुख्यतः जर्मन मुलांसाठीच! जी स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, कित्येकदा घरापासून तासाभराच्या अंतरावर काम करतात, त्यांनाही या वर्षात आधाराची गरज पडणार हे त्या देशानं गृहीत धरलं आणि कायद्यात लिहून ठेवलं. आपण सहा-सात हजार किलोमीटरवर पाठवलेल्या मुलीला मात्र तेवढीही गरज पडू नये, अशी आपली अपेक्षा. तिथला मार्गदर्शक विचारतो, “काय अडतंय?” आणि घरचे पढवतात, “काही अडत नाही म्हण.” यातलं संस्कारी कोण?

मान्य करते, काही मुलं क्षुल्लक गोष्टींवरून कुरकुरतात. काही वर्षभर खोलीत बसून इकडच्याच मालिका बघतात आणि मग देश वाईट म्हणतात. पण ती तशी आहेत हे प्रश्न विचारल्यावर कळतं. प्रवचन दिल्यावर कळत नाही.

दुसऱ्या टोकाला ‘हे वर्ष तुमचं आयुष्य बदलून टाकेल’ अशी जाहिरात करणारे आहेत. त्यांच्या फोटोंत सतत ऊन असतं, मुलं उड्या मारत असतात. काकांचं प्रवचन आणि ही जाहिरात वरवर परस्परविरोधी वाटतात. पण दोन्हींचा निष्कर्ष एकच. तू खूश नसशील, तर दोष तुझ्यात आहे.

आणि जी मुलं वर्ष नीट पार पाडून परततात, त्यांचं आपण काय करतो? १९६३ मध्येच गलहॉर्न या संशोधक दांपत्यानं दाखवून दिलं होतं की परतल्यावर पुन्हा एक घसरण येते. घरातलं रुळणंही नव्यानं करावं लागतं. त्या घसरणीच्या ऐन वेळी आपली महाविद्यालयं प्रवेशाच्या खिडकीवर ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतात. स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर, शपथेवर लिहून द्यायचं की मधल्या काळात मी दुसरीकडे कुठं प्रवेश घेतला नव्हता आणि कुठल्या गैरकृत्यातही नव्हतो. ज्या मुलीनं बारा महिने परक्या भाषेत म्हाताऱ्यांना भरवलं, उठवलं, बसवलं, तिनं परत येऊन आपण गुन्हेगार नसल्याची शपथ घ्यायची! त्या वर्षात काय शिकलीस, असा रकाना त्या कागदावर नसतो. मग मुलांना ते वर्ष ‘वाया’ गेल्यासारखं वाटलं, तर त्यात नवल ते काय?

हा विषय चार हौशी घरांपुरता राहिलेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. वर्षभरासाठी असोत की कायमची, इथली मुलं तिकडे जात राहणार. त्यांना भाषा शिकवायची, व्हिसा मिळवून द्यायचा, आणि रुळण्याचं मात्र त्यांच्या स्वभावावर सोडून द्यायचं, हे यापुढं चालणार नाही. परक्या देशात माणूस रुळतो तो भाषेच्या वर्गामुळे, ठरलेल्या तासांमुळे, कुलूप लागणाऱ्या खोलीमुळे, वेळेवर मिळालेल्या पैशांमुळे आणि नावानं हाक मारणाऱ्या दोन-चार माणसांमुळे. यांतलं एकही मनाचा खंबीरपणा वाढवून तयार होत नाही. हे असलं की साधारण कुवतीची मुलंही रुळतात. नसलं की खंबीर मुलंही मोडतात. तो दोष त्यांच्या स्वभावाचा नसतो.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर ते वाक्य आलं, की ‘ॲडजस्ट’ हा शब्द गिळा आणि प्रश्न विचारा. आठवड्याला किती तास काम करतेस? करारात किती लिहिले आहेत? भाषेच्या वर्गाला जाता येतं का? खोलीला आतून कडी आहे का? तिथं कुणाशी बोलतेस? मार्गदर्शकाला सांगितलंस का? उत्तरं ठीक असतील तर धीर द्या, थंडी ओसरेल म्हणून सांगा. ठीक नसतील तर तिच्या बाजूनं उभे राहा. कुटुंब बदलता येतं, संस्था बदलता येते, आणि परतही येता येतं. निघतानाच परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि ते ठेवले आहेत हे तिला स्पष्ट सांगा. ज्याला परत येता येतं, त्यालाच तिथं आपल्या मर्जीनं राहता येतं.